बटणाचा हिटर

२७ नोव्हेंबर

चिरंजीव सोन्यास,

आईचे आशीर्वाद. मी धडधाकट आहे, तूही असशील असं धरून चालते.

पत्र बघून तुला हसू येईल. हातात फोन असताना आई कागद का खरडत बसली? तर बाबा, फोनवर तू मला एक वाक्य पुरं करू देत नाहीस. कागदाला मध्येच तोडता येत नाही, म्हणून हा खटाटोप.

थंडी चांगलीच पडली आहे. सकाळी दुकानाचं शटर उचलताना बोटं बधिर होतात. पण पडद्यांना गिऱ्हाईक भरपूर. वर्षभर लोकांना खिडकीच्या फटी दिसत नाहीत, आणि गार वारा आत आला की सगळ्यांना जाड अस्तराचे पडदे कालच हवे असतात. मशीनवरून मान वर करायला फुरसत नाही.

तू आणून दिलेला हिटर दिसायला देखणा आहे. अंगावर एकही बटण नाही, गुळगुळीत. मी तो मागच्या खोलीत ठेवला आहे. पलंगाशेजारी ठेव असं तू बजावून गेला होतास, पण मी पुढच्या खोलीत दोन रजया घेऊन झोपते, मला तिथे हिटर लागत नाही. मागच्या खोलीत ऊन येत नाही, भिंतीसुद्धा गार पडतात. म्हणून तिथे.

परवा तू विचारलंस, आई, तू दिवसभर दुकानात असतेस, मग दुपारी हिटर कोण लावतं? मीच लावते. सर्दी झाली आहे, म्हणून जेवायला घरी येते आणि तिथेच आडवी होते. झालं समाधान? तुला ही बातमी कोणी पोचवली ते मी विचारत नाही. शेजारच्या काकूंची जीभ टाळ्याला लागत नाही, हे मला ठाऊक आहे.

एक मात्र आहे. या हिटरला खोड लागली आहे. दुपारी चालता चालता आपोआप बंद पडतो. पुन्हा लावला की थोडा वेळ चालतो, पुन्हा बंद. तुला त्यातलं कळतं म्हणून लिहिलं.

सूनबाईचं विचारलंस. ती तुझं घर सोडून कुठे गेली हे मला काय माहीत? बायको तुझी. ती फोन उचलत नसेल तर का उचलत नाही, याचा विचारही तूच कर.

कानटोपी घालत जा. लहानपणापासून तुझे कान गारठ्याने ठणकतात, आणि टोपी म्हटलं की तू नाक मुरडतोस.

तुझी आई

*

१२ डिसेंबर

चिरंजीव सोन्यास,

आशीर्वाद. या पत्राच्या मागोमाग एक खोकं येईल. त्यात तुझा हिटर आहे, रिमोटसकट, जुन्या पडद्याच्या कापडात नीट गुंडाळून. तो मोडलेला नाही, जळलेला नाही. मला नको आहे.

का नको, ते सांगते. शेवटपर्यंत वाच. इथे तुला फोन ठेवता येणार नाही.

माझं पत्र मिळाल्यावर तू फोन केलास. म्हणालास, सॉकेट सैल असेल, वायरमनला बोलाव. मी शहाण्यासारखं त्याला बोलावलं. त्याने सॉकेट बदललं, हिटर एक्स्टेंशनवर कधी लावायचा नाही, थेट भिंतीवरच लावायचा, म्हणून मलाच चार शब्द सुनावले आणि गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी मी मुद्दाम घरी थांबले. खुर्ची घेऊन हिटरसमोर बसले, उंदराच्या बिळासमोर मांजर बसते तशी. छान चालला होता. मग टक् असा आवाज आला आणि दिवा मालवला. मी हात लावलेला नव्हता. रिमोट माझ्या मांडीवर होता.

उचलला तो हिटर, कापडाचे तागे नेतो त्या ढकलगाडीवर घातला आणि कोपऱ्यावरच्या विजेच्या सामानाच्या दुकानात नेला. दुकानदार ओळखीचा आहे, त्याच्या घरचे पडदे मीच शिवले. त्याने चांगला तासभर लावून ठेवला. एकदाही बंद पडला नाही. मग त्याने विचारलं, "बाई, हा कोणाच्या मोबाइलला जोडलाय?" मी म्हटलं, मुलाच्या, त्याने बसवतानाच काहीतरी जोडाजोडी केली होती. तो जरा घुटमळला. म्हणाला, "मग मुलालाच विचारा. घरात हिटर कधी चालू होतो ते त्याला तिथे दिसतं. बंदही तिथूनच करता येतो." आणि स्वतःच्या मोबाइलवर दुकानातला एक हिटर लावून, बंद करून दाखवला.

आधी मला हसू आलं. वाटलं, पोराला वाटलं असेल म्हातारी हिटर चालू ठेवून दुकानात गेली, आग लागेल, म्हणून बंद केला. काळजीने केलं असेल. शेजारच्या काकूंशी मी उगाच आठवडाभर बोलत नव्हते, त्यांना तोंड कसं दाखवू, एवढाच विचार मनात होता.

घरी येईपर्यंत हसू गेलं. कारण सोन्या, मी तुला लिहिलं होतं की मला सर्दी झाली आहे आणि दुपारी त्या खोलीत मी पडते. ते पत्र तुला मिळालं होतं. सॉकेट बघ असं तूच मला सांगितलंस, बंद कोण करतं हे माहीत असून. आणि त्यानंतरही तू बंद केलास. म्हणजे एक तर आईच्या शब्दावर तुझा विश्वास नव्हता. नाही तर विश्वास होता, आणि आजारी आई गारठली तरी तुला चाललं. या दोन्हींतलं खरं कोणतं ते मला सांगू नकोस. मला दोन्ही ऐकायचं नाही.

आता तुला हवं होतं ते लिहूनच टाकते. ती माझ्याकडे आहे.

तुझ्या घरातून निघाली ती सरळ माझ्याकडे आली. मागच्या खोलीत राहते. तू फोनवर विचारलंस तेव्हा ती माझ्यासमोर बसून शेंगा सोलत होती आणि मी तुला म्हटलं, मला काय माहीत. हो, खोटं बोलले. सर्दीचंही खोटंच होतं. गरज पडली तर पुन्हा बोलेन, तेव्हा त्यावरून मला ऐकवायला येऊ नकोस.

त्या दिवशी हिटर घेऊन घरी आले तर ती बॅग भरत होती. पुस्तकांची मुद्रितं दोरीने बांधून ठेवलेली, अंगात कोट.

"त्याला कळलंय, आई," ती म्हणाली. "पहिल्यांदा बंद झाला तेव्हाच मी ओळखलं. मी इथे राहिले तर तुमचं आणि त्याचं बिनसेल."

"बिनसू दे," मी म्हटलं. "कोट काढ आधी."

तिने काढला नाही. खोली खरंच गार होती. मग आम्ही दोघी स्वयंपाकघरात गॅसजवळ बसलो आणि मी पहिल्यांदा तिला सरळ विचारलं, की पहिल्या दिवशीच कसं ओळखलंस. आल्यापासून एक गोष्ट मला खटकत होती. हिटर लावायचा झाला की ती दर वेळी दारात येऊन उभी राहायची आणि विचारायची, "आई, लावू का?" मला वाटायचं, पोरीला वळण आहे. एकदा वैतागून म्हटलंही की यात काय विचारायचं. तरी विचारायचीच.

तेव्हा तिने सांगितलं. तुमच्या घरच्या हिटरलाही बटण नाही, आणि रिमोट तुझ्या बॅगेतून रोज कामावर जायचा. ती दिवसभर घरात बसून मुद्रितं तपासणार, आणि ऊब तुझ्याबरोबर बाहेर. संध्याकाळी तू आलास की घर गरम. त्यातही तू खूश असशील तर. दोन शब्द उलट बोलली असेल तर त्या दिवशी नाही. गेल्या हिवाळ्यात मी आले होते तेव्हा तिच्या हातात बोटांची टोकं कापलेले मोजे होते. मला वाटलं, नवी फॅशन. तूच हसून म्हणाला होतास, तिला थंडी आवडते.

हे सांगताना ती रडली नाही, तुला नावंही ठेवली नाहीत. मी विचारलं तेवढंच सांगितलं. संताप मला आला. अजून उतरलेला नाही. अक्षर बघ, कळेल.

सोन्या, तू मारत नाहीस, पीत नाहीस, शिव्या देत नाहीस, आणि याच जोरावर तू सगळीकडे सांगत फिरतोस की माझं काय चुकलं. मी सांगते काय चुकलं. घरात राहणाऱ्या माणसाला थंडी वाजली तर त्याने उठून हिटर लावावा, एवढी साधी गोष्ट तू त्या घरात राहू दिली नाहीस. तुला हे कोणी शिकवलं? मी नाही शिकवलं. तुझे बाबा तर स्वतःच्या अंगावरची शाल काढून द्यायचे आणि वर खोटं सांगायचे की उकडतंय.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी पुन्हा त्या दुकानात गेले. म्हटलं, मला हिटर दाखवा, पण मोबाइल नको, रिमोट नको, इंटरनेट नको. बटण हवं. हाताने फिरवायचं. दुकानदाराने पंख्याचा दाखवला. झटपट गरम हवा फेकतो, पण घरघर फार, आणि बंद केला की खोली पुन्हा होती तशी. लाल तारांचा दाखवला. तो समोर बसेल त्याच्याच नडग्या भाजतो, आणि माझ्या घरात जिकडेतिकडे कापड, म्हणजे आगीला आमंत्रणच. शेवटी तेलाचा घेतला, आत भरलेलं तेल विजेवर तापतं तो. जाडजूड उभ्या पात्यांचा, बोजड, रंगही काही खास नाही. तापायला वेळ घेतो. पण एकदा तापला की बंद केल्यावरही बराच वेळ ऊब धरून ठेवतो, आणि आडवा पडला तर स्वतःच बंद होतो. हे आपोआप बंद होणं मला मान्य आहे.

नव्या सॉकेटवर लावला आहे. खिडकीला दुहेरी अस्तराचा पडदा शिवून टाकला आणि हिटर त्याच्यापासून चांगला लांब ठेवला. तिचं टेबल आता त्या खोलीत कायमचं आहे. ती स्वतःहून जाईपर्यंत ती तिथेच राहील. नातेवाइकांत काय बोललं जाईल याची मला पर्वा नाही. घर माझं आहे, मी कमावते, आणि माझ्या घरात कोणी ऊब घ्यावी हे लांबून कोणी ठरवायचं नाही. तू माझा एकुलता एक मुलगा असलास तरी नाही.

तू रविवारी येतो म्हणालास. ये. मी तुझी आई आहे, दार लावून घेणार नाही. मात्र तुझ्याकडची किल्ली आता चालणार नाही, कुलूप बदललं आहे. बेल वाजवायची. मी पुढच्या खोलीत तुला चहा देईन, भांडेन, जेवायला वाढेन. मागच्या खोलीच्या दारावर टकटक करायची आणि थांबायचं. तिने ये म्हटलं तर जायचं. नको म्हटलं तर आल्या पावली मागे फिरायचं, आणि मला मध्ये घालायचं नाही. मी तिच्याच बाजूने बोलेन.

एक सांगायचं राहिलं. काल जेवायला घरी आले तर मागच्या खोलीचं दार बंद होतं. ढकलून पाहिलं. खोली गरम, हिटर चालू, ती पेन्सिल घेऊन कामात गर्क. हातात मोजे नव्हते. मला बघून तिने मान वर केली आणि म्हणाली, "दार लावा ना, आई, ऊब बाहेर जाते."

हिटर लावू का, असं तिने मला विचारलं नव्हतं. मी दार लावून घेतलं आणि पाटावर बसून एकटीच जेवले. कित्येक दिवसांत जेवण इतकं गोड लागलं नव्हतं.

रविवारी येताना कानटोपी घाल. कदाचित दाराशी बराच वेळ उभं राहावं लागेल.

तुझीच,
आई