त्याच्या नावाची बाग

अण्णा, तुमच्या मनाविरुद्ध एक काम करून बसले आहे, आणि तुम्हाला सांगितल्याशिवाय चैन पडत नाही. पेठेतल्या त्या बागेला शेवटी आपल्या धाकट्याचं नाव दिलं. महापालिकेचा माणूस कागद घेऊन आला, घरच्यांची संमती पाहिजे म्हणाला, आणि मी सही केली. तुम्ही गेलात, मागोमाग आई गेली. घरचे म्हणजे आता मीच.

पहिल्यांदा विचारायला आले होते तो दिवस अजून डोळ्यांपुढे आहे. तो सीमेवर कामी आला त्याला वर्षही झालं नव्हतं. तालमीतली पाच-सहा मंडळी तुमच्या दुकानात आली. शिवाजी पेठेतल्या निम्म्या दुकानांच्या पाट्या तुमच्या हातच्या, म्हणून त्यांनी वर आणखी गळ घातली, "अण्णा, बागेचा बोर्ड तुमीच रंगवायचा. दुसऱ्या कुणाचा हात लागाय नको." त्यांना तो मान वाटत होता. आपण बापाला पोराच्या नावाआधी 'शहीद' लिहायला सांगतोय, हे एकाच्याही डोक्यात आलं नाही. तुम्ही ब्रश टर्पेंटाइनच्या डब्यात बुडवता, फडक्याला पुसता, परत बुडवता. मग म्हणता, "बाग न्हाय आन बोर्ड बी न्हाय. च्या घ्या आन जावा."

घरी येऊन मी कडाकडा भांडले. आई भाकरी थापत होती, तिच्यादेखत. "लोक मान देत्यात तर तुमाला नको! तुमाला त्येचा अभिमानच न्हाय." तुम्ही मला दंडाला धरून परड्यात नेलंत. वाटलं, आता थोबाडीत बसते. पण तुमचा आवाजसुद्धा चढला नाही. "त्येचं नाव कुणी घेतलं की तुजी आई उठून दार उघडती. रोज त्या बागेवरनं भाजीला जाती. रोज वाचाय लावू व्हय तिला?" त्या दिवसापासून आपल्या घरात त्याचं नाव कुणी घेतलं नाही. 'तो' म्हणायचं. तुमच्यानंतर आईसाठी मी ते पाळलं, आणि आईनंतर निव्वळ सवयीनं. तुमची माया मला कळली अण्णा, पण माझा राग काही पुरता गेला नाही. तुम्ही आईला जपलंत, पण भाऊ माझाही होता की!

उद्घाटन झालं. पाटी संगणकावर छापलेली, ती अक्षरं बघून तुम्ही तोंड फिरवलं असतंत. हार झाले, भाषणं झाली, आणि माझ्या आत काही म्हणता काही हललं नाही. तुमचंच बरोबर होतं की काय, असं मनात येऊन गेलं. मग पंधरा-वीस दिवसांनी मंडईत एका भाजीवालीनं सांगितलं, कोथिंबीर संपली, अमक्याच्या बागेपुढं बसत्यात त्यांच्याकडं बघा. अमका म्हणजे तो, अण्णा. मागे-पुढे काही न लावता, गल्लीतल्या पोराचं घ्यावं तसं तिनं त्याचं नाव घेतलं. शेजारी एक पोरगं फोनवर ओरडत होतं, त्याच्याच बागेत हाय, बॉल घिऊन ये की लवकर. मी पिशवी घेऊन तिथेच उभी राहिले आणि ढसाढसा रडले. भाजीवाली घाबरून पाणी द्यायला लागली.

हे पत्र टाकायचं तरी कुठे? तुमच्या दुकानात आता मोबाइलवाला बसतो. पण एक सांगून टाकते. बाग आपल्या घरापासून चालत पाच मिनिटांवर आहे आणि माझे गुडघेही अजून धड आहेत. तरी हल्ली मी रिक्षा करून जाते. रिक्षावाला विचारतो, "कुठं जायाचं, मावशी?" आणि मी त्याचं नाव घेते, जरा मोठ्यानंच.