दिसणारा कॅमेरा

वाघोली, पुणे
२ फेब्रुवारी २०२५

ती. बद्रीमामांस,
श्रद्धाचा शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

पत्र पाहून तुम्ही मामीला म्हणाल, भाची वाघोलीला राहते की विलायतेला? पण तुमच्याशी फोनवर बोलायचं म्हणजे मला ओरडावं लागतं, आणि ही गोष्ट ओरडून सांगण्यासारखी नाही. शिवाय धायरीला यायचं तर अख्खं पुणं ओलांडायचं आणि तेवढा वेळ सासूबाईंना एकटं ठेवायचं, ते जमत नाही.

आमच्या इमारतीमागचा ओढा तुम्ही पाहिला आहे. गेल्या सप्टेंबरात तो आमच्या तळमजल्यावरच्या घरात शिरला. सासूबाईंच्या खुब्याच्या ऑपरेशनला तेव्हा तीन आठवडे झाले होते. पाणी गादीला लागलं तेव्हा तिसऱ्या मजल्यावरच्या कमरजहांभाभी आणि त्यांची दोन मुलं धावत खाली आली, आणि आम्ही चौघांनी सासूबाईंना चादरीत घालून जिन्याने वर नेलं. हे तिकडे मस्कतला, फोनवर नुसते श्रद्धा श्रद्धा करत होते.

आता तोच ओढा बुजवताहेत. रोज पहाटे सव्वासहाला डंपर येतात, राडारोडा ओततात आणि नीट उजाडायच्या आत पसार होतात. निम्मं पात्र भरलंय. यंदा पाणी कुठे जाणार हे कळायला इंजिनिअर नको, आणि सासूबाई अजून आधाराशिवाय पलंगावरून उतरत नाहीत. पालिकेत तक्रार करायला गेले तर म्हणाले पुरावा आणा. सोसायटीत कुणी तोंड उघडत नाही. गेल्या महिन्यात एकाने डंपर अडवला, तर दुसऱ्या दिवशी त्याच्या गाडीच्या चारही काचा फुटलेल्या होत्या.

मोबाइलने काढून पाहिलं. अंधुक उजेडात नंबरप्लेट म्हणजे नुसता पांढरा डाग येतो. आणि मोबाइल कुणी हिसकावला तर माझं अख्खं घरच त्याच्या हातात. म्हणून कॅमेरा हवा. खिशात मावणारा कॉम्पॅक्ट घेऊ, की भिंग बदलता येतं तो मिररलेस? तुम्ही जन्मभर स्टुडिओ चालवलात, पोलिसांसाठी पंचनाम्याचे फोटो काढलेत, तुम्हीच सांगा. मी खूप घाबरलेय, मामा. हसू नका.

रागवायचं असेल तर उत्तरातच रागवून घ्यावं, पण उत्तर लवकर धाडावं. मामीला नमस्कार.

तुमची
श्रद्धा


धायरी
७ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. श्रद्धास,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. माझं अक्षर वाकडं दिसेल. हाताचा कंप वाढला आहे. चहा अर्धा बशीत आणि अर्धा सदऱ्यावर असतो, हे तुझी मामी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत असते, ते मीही तुला सांगतो.

कुठलाच कॅमेरा घेऊ नकोस, हे माझं उत्तर. एका जळलेल्या गोदामाच्या पंचनाम्याला मी कुलपांचे फोटो काढले होते. आत माणसं होती आणि कुलपं बाहेरून लावलेली होती, ते फोटोत दिसलं. दुसऱ्या दिवशी एक माणूस स्टुडिओसमोरच्या पायरीवर येऊन बसला. तीन दिवस बसला. शेंगदाणे सोलून खात होता. त्याने आमचं काही केलं नाही, पण मामीने आठवडाभर पोरीला शाळेत पाठवलं नव्हतं, आणि मी दुकानात बसल्या बसल्या घामाने भिजत होतो. पुरावा पुरावा म्हणतात, तो काढणाराला काय काय सोसावं लागतं ते तुला ठाऊक नाही.

आता तू माझ्या बहिणीची मुलगी, म्हणजे ऐकणार नाहीसच. तेव्हा ऐक. तुला भीती दिसण्याची आहे की जवळ जाण्याची? ते आधी ठरव, कॅमेरा त्यावरून ठरेल. कॉम्पॅक्ट भाजीच्या पिशवीत लपतो, पण अपुऱ्या उजेडात नंबर हवा तर पंचवीस-तीस पावलांवर जायला पाहिजे. मिररलेसला लांब पल्ल्याचं भिंग लावलं तर घरातून हलावं लागत नाही, पण ते धूड समोरच्या इमारतीतल्या आंधळ्यालाही दिसेल. हडपसरला माझा जुना शिष्य नासिर आहे. कॅमेरे विकतो, भाड्यानेही देतो. माझं नाव सांग आणि दोन्ही हातात धरून बघ. विकत घ्यायची घाई नको.

तुझ्या सासूबाईंना, इंदुबाईंना आमचा नमस्कार सांग. त्यांना यातलं काही बोलू नकोस, बिचारीला झोप लागू दे. आशीर्वाद आहेतच, अक्कल तेवढी तुझी तू वापर.

तुझा
बद्रीमामा


वाघोली
१२ फेब्रुवारी २०२५

ती. मामांस,
शि. सा. नमस्कार, वि. वि.

नासिरभाईंनी तुमचं नाव ऐकून आधी चहा मागवला आणि मग तुम्ही त्यांना कशा शिव्या द्यायचात ते हौसेने सांगितलं. दोन्ही कॅमेरे हातात दिले. मिररलेस डोळ्याला लावला तर रस्त्यापलीकडच्या दुकानदाराच्या शर्टाची बटणं मोजता आली. पण काचेत माझंच रूप दिसलं आणि मी तो खाली ठेवला. एवढं मोठं भिंग घेऊन मी गॅलरीत उभी राहू? सगळ्या वाघोलीला दवंडी पिटल्यासारखं. म्हणून मी छोटा घेतला, दोन दिवसांच्या भाड्यावर.

काल पहाटे दुधाच्या पिशवीत घालून बाहेर पडले. ओढ्याच्या कडेला बोरीच्या झुडपाआड थांबले. डंपर आला, मागचा भाग उचलला गेला, मी कॅमेरा काढून बटण अर्धं दाबलं. आणि मामा, त्या कॅमेऱ्याच्या कपाळावर एक नारिंगी दिवा भक्कन लागला! अंधारात नेम धरायला तो आपोआप लागतो म्हणे. मला काय माहीत? डंपरशेजारी पांढऱ्या टोपीचा एक माणूस उभा होता. तो वळला आणि सरळ माझ्याकडे बघत राहिला. मी पिशवी तिथेच टाकून पळाले. दाराशी येईपर्यंत पायातली एक चप्पल गेलेली होती.

दचकून बटण पुरतं दाबलं गेलं, त्या फोटोत डंपर आहे, नंबर नाही. कालपासून फाटकाबाहेर एक मोटरसायकल उभी असते. कदाचित कुणाची तरी साधीच असेल. पण मी गॅसवर दूध ठेवते आणि खिडकीशी जाते, परत येते तोवर उतू गेलेलं असतं. सासूबाईंनी आज दोनदा विचारलं की माझं काय बिनसलंय.

चुकलं असेल तर पदरात घ्यावं आणि पुढे काय करू ते कळवावं.

तुमची
श्रद्धा


धायरी
१५ फेब्रुवारी २०२५

चि. श्रद्धास,
आशीर्वाद.

पत्र वाचून मामीने देवापुढे दिवा लावला आणि माझ्याशी बोलणं बंद केलं. बरोबरच आहे. फिल्मच्या जमान्यातला म्हातारा मी, मला कुठे ठाऊक कॅमेऱ्याला दिवा असतो! तो बंद करता येतो, असं नासिर आता सांगतो. आता! तुझ्या जिवाला काही झालं असतं तर मी वर गेल्यावर तुझ्या आईला काय तोंड दाखवलं असतं?

सोडून दे म्हणणार होतो. पण चादरीत घालून नेलेल्या इंदुबाई डोळ्यांपुढून जात नाहीत. तेव्हा आता ओढ्याकडे एक पाऊलही टाकायचं नाही. मिररलेस आण, लांबचं भिंग आण, तो दिवा नासिरकडून बंद करून घे. कमरजहांबाईंना विचार, त्यांच्या तिसऱ्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरातून काढता येईल. आतला दिवा मालवून, खिडकीपासून दोन हात मागे, कॅमेरा ओट्यावर टेकवून. आधी अख्खी जागा दिसेल असा एक फोटो, मग डंपर, मग नंबर. हा क्रम चुकवू नकोस, नाहीतर डंपर दुसऱ्याच गावचा आहे म्हणायला ते मोकळे. कार्ड नासिरच्या हाती दे, प्रिंट मी इथे काढतो आणि निनावी अर्जाबरोबर पोस्टात टाकतो. तुझं नाव कुठे येणार नाही.

काळजी घे, आणि काम झाल्याबरोबर चार ओळी खरड. इकडे डोळे लागले आहेत.

बद्रीमामा


वाघोली
२३ फेब्रुवारी २०२५

ती. मामांस,
शि. सा. नमस्कार.

काम झालं. तीन पहाटा लागल्या. पहिल्या दिवशी डंपरचा आवाज आला तशी मी आत निघाले, तेव्हा भाभींनी मागून माझे खांदे धरले. त्या अजिबात आढेवेढे न घेता हो म्हणाल्या, वर मलाच म्हणाल्या की पाणी काही जात विचारून जिना चढत नाही. तिसऱ्या दिवशी तीन डंपरचे नंबर स्वच्छ मिळाले, आणि तो पांढऱ्या टोपीवालाही. भिंगातून त्याचा चेहरा एवढा जवळ आला की मी दचकून मागे सरले.

सासूबाईंना सगळं कळलंय, मामा. पहाटे माझं अंथरूण रिकामं दिसायचं. आज म्हणाल्या, माझ्यासाठी करत असशील तर बंद कर, माझं किती राहिलंय? मग म्हणाल्या, पाण्याची भीती मात्र वाटते, रोज झोपताना पलंगाखाली हात घालून बघते. मला हे माहीतच नव्हतं.

कार्ड नासिरभाईंबरोबर पाठवलंय, मिळाल्याचं कळवावं. फाटकाबाहेरची मोटरसायकल दोन दिवस दिसली नाही.

तुमची
श्रद्धा


धायरी
६ मार्च २०२५

चि. श्रद्धास,
आशीर्वाद.

पत्र हाती पडताच दार लावून बस आणि वाच. मी गाढवपणा केला आहे.

तुझे फोटो सुरेख आले होते. आठ प्रिंट काढल्या. सेहेचाळीस वर्षं प्रिंट हातात आली की उलटी करायची आणि मागे शिक्का मारायचा, हीच सवय. त्या दिवशीही मारला. आठही प्रिंटांवर ‘बद्रीनाथ फोटो स्टुडिओ, धायरी’, वर तारीख. निनावी अर्जाला! पाकीट पोस्टात पडलं तरी माझ्या टाळक्यात उजेड पडला नाही.

काल दोन माणसं आली. फोटो त्यांच्याकडे कसे गेले ते मला ठाऊक नाही. फार अदबीने बोलत होते, काका काका करत होते. एकाच्या डोक्यावर पांढरी टोपी होती. प्रिंट काउंटरवर ठेवून विचारलं, कुणी काढले? मी म्हटलं, मीच काढले, हौस आहे. टोपीवाला हसला आणि म्हणाला, मग आमचाही एक काढा. दोघे पडद्यापुढे जाऊन उभे राहिले, केस सारखे केले, खांद्यावर हात टाकले. कार्ड द्यायला आला तेव्हा नासिरने तो छोटा कॅमेरा मला बघायला काउंटरवर ठेवला होता, तोच उचलला. श्रद्धा, माझे हात असे कापायला लागले की बटण सापडेना. फोटो काढला. त्यांनी पाहिला. नुसता फराटा. टोपीवाल्याने माझा दंड थोपटला आणि म्हणाला, काका, हात थरथरणाऱ्या माणसाने एवढे स्वच्छ फोटो काढले नाहीत, ज्याने काढले त्याला जपायला सांगा. जाताना मामीला नमस्कार करून गेले.

त्यांना अजून नाव ठाऊक नाही. पण फोटो कुठल्या उंचीवरून आहे हे दिसतं, आणि तिथे खिडक्या किती आहेत? इंदुबाईंना गाडीत घालून उद्याच्या उद्या इकडे ये. मी अर्ज मागे घेतो, माझीच चूक झाली असं लिहून देतो. ओढा गेला खड्ड्यात. मला भीती वाटते, पोरी. या वयात एवढी वाटेल असं वाटलं नव्हतं.

वाट पाहतो. उत्तर नको, तूच ये.

बद्रीमामा


वाघोली
१४ मार्च २०२५

ती. मामांस,
श्रद्धाचा शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

मी आले नाही, म्हणून नासिरभाईंना दोनदा पाठवलंत. त्यांनी सुखरूप असल्याचं सांगितलंच असेल. आता सगळं लिहिते.

तुमचं पत्र वाचून मी खरंच बॅग भरायला घेतली होती. सासूबाईंची औषधं, दोन लुगडी, रिपोर्ट. मग मनात आलं, आम्ही धायरीला येऊन लपणार आणि ते आधी येणार धायरीलाच. तुमच्या पडद्यापुढे. आणि भाभींची खिडकी तर इथेच राहणार. माझ्या जागी तुम्ही थरथरत उभे राहिलात, मामा. तो फराटा माझ्या डोळ्यांसमोरून जाईना.

शनिवारी मी नव्या अर्जावर माझं नाव, फ्लॅटचा नंबर, सगळं लिहिलं. सोसायटीत घरोघर फिरले. बहुतेकांनी पाणी दिलं, चहा दिला, सही दिली नाही. मला राग नाही आला, त्यांच्या गाड्यांनाही काचा आहेत. भाभींनी सही केली. सासूबाईंनी कागद मागून घेतला, चष्मा लावला आणि संपूर्ण नाव लिहिलं. तीन बायकांचा अर्ज. सोमवारी तो मी स्वतः पालिकेत नेऊन दिला आणि पोच घेतली. पुढच्या आठवड्यात मोजणीला माणसं येतील म्हणालेत. येतील तेव्हा खरं.

तिथून मी हडपसरला गेले आणि मिररलेस विकत घेतला. नासिरभाई म्हणाले, आता कशाला, काम तर झालं, हवा तर छोटा घ्या, फिरायला बरा. मी मोठाच घेतला. दिसतो म्हणून त्या दिवशी नको म्हटलं होतं, आता दिसतो म्हणूनच हवा होता. मंगळवारपासून रोज पहाटे भाभींच्या गॅलरीत दिवा लावून उभी राहते, कॅमेरा गळ्यात घालून. तीन दिवस डंपर आला नाही.

आज आला तो टोपीवाला, एकटाच. पलीकडच्या काठावर उभा राहिला आणि मोबाइल वर धरून माझे फोटो काढायला लागला. एक, मग एक, सावकाश. आत पळावं, दिवा मालवावा, असं सगळं मनात आलं. भाभी आतून कुजबुजत हाका मारत होत्या. मी कॅमेरा डोळ्याला लावला. भिंगात त्याचा चेहरा आला, आणि त्याच्या कपाळावर घाम होता, मामा. पहाटेच्या त्या गारव्यात. मी एकच फोटो काढला. तो मोबाइल खाली घेऊन थोडा वेळ उभा राहिला आणि निघून गेला.

मी खाली घरी आले, न्हाणीघरात जाऊन बसले आणि नळ सोडून पोटभर रडले. मग सासूबाईंचा चहा केला.

उद्याही उभी राहणार आहे. नको म्हणू नका, तुम्ही नको म्हटलंत तर माझं अवसान गळेल. स्टुडिओ चार दिवस बंद ठेवा, मामीला जपा, आणि पहाटे जाग आली की माझी आठवण काढा. एवढाच आशीर्वाद असू द्यावा.

तुमची
श्रद्धा