लाल गुच्छांचं वय

मंगळवार, ४ मार्च

"धूळ असेल." बस्स! एवढंच उत्तर! अख्खा हिवाळा मी दुर्बिणीच्या छायाचित्रांवरून त्या दीर्घिकेतला एकेक तारकागुच्छ तपासला, प्रत्येकाचा रंग मोजला — आणि विद्यापीठातल्या खगोलशास्त्राच्या बाई दोन शब्दांत निकाल लावतात. साधी गोष्ट आहे: तरुण गुच्छ निळा, म्हातारा लाल. त्या दीर्घिकेत सध्या ताऱ्यांच्या जन्माचा पूर आलाय हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण माझे लाल गुच्छ सांगतात, असाच पूर फार पूर्वीही येऊन गेलाय. हे आजवर कुणी म्हटलेलं नाही. बाईंना पटलं, तर त्यांच्याबरोबर शोधनिबंधावर माझं नाव छापून येईल. पण चष्मेवाल्यानं सांगितलं ना — म्हणून धूळ!

बुधवार, ५ मार्च

डोक्यात तेच. दुकानात नंबर काढताना गिऱ्हाइकाला दोनदा तीच काच लावली. "आता बरं की मघाशी?" "सारखंच दिसतंय हो!" दिसणारच.

शनिवार, ८ मार्च

मेहुणा जेवायला. "काय भाऊजी, झाले का तारे मोजून? की उद्या पुन्हा पहिल्यापासून?" ही त्याला म्हणाली, "चिडवू नकोस रे, सध्या नाकावर माशी बसू देत नाहीयेत." माझी बाजू घेतली की त्याची, कळेना.

बाईंना सविस्तर लिहिलं — धुळीमुळे येणारी लाली मी हिशेबातून वजा केलेली आहे. तपशिलात चुकणारा माणूस मी नव्हे. खडसावलंच म्हणा ना.

मंगळवार, ११ मार्च

उत्तर नाही. ठीक आहे, पुरावाच समोर ठेवतो! तापलेल्या हायड्रोजनची झळाळी फक्त नवजात ताऱ्यांभोवती असते, लवकरच विझते. माझ्या गुच्छांभोवती ती नसणार. मग पुन्हा धुळीचं नाव काढून दाखवा! त्या झळाळीची छायाचित्रं उतरवून घेतोय. इंटरनेटची गोगलगाय झालीय.

बुधवार, १२ मार्च

आहे. प्रत्येकाभोवती आहे!

धूळ वजा केली होती — पण अख्ख्या दीर्घिकेला एकच सरासरी आकडा लावून. सगळ्या गिऱ्हाइकांना एकाच नंबरचा चष्मा! दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर मी त्याला दुकानाची पायरी चढू दिली नसती. धूळ सगळीकडे सारखी नसतेच. तारे जन्मतात तिथे ती दाट, आणि तिच्याआडून निळंही लालच दिसतं. दुपट्यातल्या बाळांना मी आजोबा ठरवलं. जुना पूर वगैरे काही आलाच नव्हता.

बाईंना कळवायला बसलो. दोन ओळींपुढे हात चालेना. सगळं पुसलं.

"जेवायचं नाही का?" — ही. "भूक नाही." "का? तारे पळाले?"

गुरुवार, १३ मार्च

भर दुकानात बाईंचा फोन. "तुमचं पत्र वाचलं. धूळ तुम्ही आधीच काढलेली, मीच घाईनं बोलले. माफ करा हं. निबंध तयार आहे, पहिलं नाव तुमचं. आज पाठवू ना छापायला?"

गिऱ्हाईक समोर ताटकळलेलं. "नका पाठवू, बाई," मी म्हणालो. "तान्ही आहेत ती सगळी."