ताईचं माप

घडलं ते असं:
१. जहाज मी लहान केलं.
२. आत ताईच्या मापाची बाहुली होती.
३. ताईचं काय होतंय ते कळल्यावरही मी थांबले नाही.

सोमवार, ३ मार्च
नवी नोकरी, खिडकीजवळचं टेबल. मजेत आहे. संगणकावरच्या अंतराळाच्या खेळात खेळाडू स्वतःची जहाजं बांधतात. ती खेळात बसतील अशी लहान-मोठी करणं माझं काम. दारं माणसाला पुरतात का, हे बघायला आत मापाची बाहुली उभी करतात. मी बाहुलीसाठी ताईचं माप घेतलं: १६४ सेंटिमीटर. शिंपीणबाई, बाह्या जरा ढगळच ठेवा, ताई मला म्हणाली. आई गेल्यापासून हिनंच मला वाढवलं.

गुरुवार, ६ मार्च
जहाज दोन टक्के लहान केलं. बाहुली जहाजापासून सोडवायची राहिली, तीही आक्रसली. लक्षात येण्याआधीच 'माप पक्कं' केलं होतं. पक्कं केलं की संगणक त्यालाच पूर्ण माप मानतो. मागचं माप पुसलं जातं. चूक किरकोळ.
घरी ताईची कुरकुर: लोकांचे कपडे धुतल्यावर आटतात, माझे वाढतात.

शुक्रवार, ७ मार्च
ताईला मोजलं. १६०.७. पुन्हा मोजलं. टेप सैल झालीय, असं तिला सांगितलं.

मंगळवार, ११ मार्च
आमच्या प्रमुख बाईंना सगळे 'फुटपट्टी' म्हणतात. त्यांना जहाज आजच निम्मं हवं होतं. बाहुली सोडवायला पाच मिनिटं पुरली असती, पण गुरुवारची चूक सांगावी लागली असती. नोकरीचा दुसराच आठवडा.
निम्मं केलं. पक्कं केलं.

बुधवार, १२ मार्च
८०.४. ओट्यावरचं पाणी मी काढून देते. ताई रागावत नाही. म्हणाली, तुला कडेवर घेऊन हिंडले, आता फेड. हसली. आवाज इतका बारीक—

गुरुवार, १३ मार्च
जहाज दुप्पट करून पाहिलं. बाहुली वाढली. ताई नाही; तिचं पक्कं झालेलं माप उलटत नाही.
फाइल आता फुटपट्टीकडे, कुलूपबंद. शनिवारी सगळी जहाजं यादीत दाखवायला आपोआप शंभरपट लहान होऊन पक्की होणार. बाईंना थांबवा म्हटलं. त्यांनी कारण विचारलं. सहज म्हटलं, म्हणत मी टेबलाशी परतले.

ऑफिसात फायलींच्या जुन्या प्रती सांभाळणाऱ्या काकांना हेच पान पाठवतेय. काका, पक्कं करण्याआधीची, ३ मार्चची प्रत हवी आहे. शुक्रवार, १४ मार्च, संध्याकाळी पाचपर्यंत उत्तर द्या. नसेल तर नाही म्हणून कळवा.
ताई विचारतेय, कुणाला लिहितेस. तिला मी अजून—