कडेला बसलेले बापू

मंगळवार, संध्याकाळ, जुन्नर

आज माझ्याच हातानं घाण करून ठेवली.

माझ्या वडिलांच्या, बापूंच्या मेंढ्यांचा ब्लॉग मोबाईलवर उघडता उघडत नव्हता, शोधला तर सापडतही नव्हता. गावी मढला आईच्या फोनवर पान नुसतं गोल फिरत राहायचं. म्हणून दुपारी सगळे फोटो हलके केले. कडेचं कापलं, फक्त मेंढी ठेवली आणि जुन्या फोटोंवरच सेव्ह केलं. दुसरी प्रत नाही. पान किती चटकन उघडतं त्याच्या तपासणीत सगळं हिरवं आलं. केवढी खूश झाले मी!

प्रत्येक फोटोत बापू कडेला बसलेले असायचे, आपल्या कळपाच्या ओळखीची खाच दिसावी म्हणून मेंढीचा कान उचलून धरलेले. आता कान आहे, कानावर दोन बोटं आहेत. बापू नाहीत. जिवंतपणी एकट्याचा फोटो कधी काढू दिला नाही. "मेंढराचा काढ," म्हणायचे.

दोन बोटं. एवढंच उरवलं मी?

आत्ता आईचा फोन आला. "लई चटकन उघडलं गं. पन तुझं बापू कुठं गेलं?"

मी पान पुन्हा उघडून बघितलं. मग तीच म्हणाली, "पयलं लई येळ लागायचा. मी आपली बसायची वाट बघत. पन शेवटाला दिसायचं तरी ते."