असलमचा गुडघा

धुळे
२७ जानेवारी २०२५

ती. स्व. रत्नाअक्का हिस,
शि. सा. न. वि. वि.

तुझ्या कानाचं मशीन पुन्हा बिघडल्याचं कळलं. म्हणजे आता दोन-तीन महिने आपला पत्रांवरच कारभार. फोनवर तुला ऐकू जाईल एवढं ओरडायचं तर माझ्या अख्ख्या गल्लीतल्या बठ्ठ्या लोकांना बातमी, आणि आजची बातमी ओरडून सांगण्यासारखी नाही.

आमची अमळनेर कॉलेजची जुनी मंडळी सातपुड्यात जायचं म्हणतेय. रावेरच्या पुढे पालला, तीन दिवस. दहा जण आहोत. जंगलात प्राणी बघायचे आणि मधल्या दिवशी मागचा डोंगर चढायचा. सगळी जुळवाजुळव असलमने केली आहे. रमजान सुरू होण्याआधी उरकायचं म्हणून त्याने २१ ते २३ फेब्रुवारी धरली.

तू लगेच माझ्या हृदयातल्या स्प्रिंगचं काढशील, म्हणून आधीच सांगतो. आठ महिने झाले. डॉक्टरांनी चालायला परवानगी दिली आहे, चढ असेल तर मध्ये मध्ये बसा एवढंच म्हणाले. तुझी भावजय दिपमाला आमच्या मुलीच्या बाळंतपणाला सुरतेला आहे, तिला मी नुसतं 'असलमकडे जातो' म्हणून कळवलं आहे. मित्रांना ऑपरेशनचं मी कधीच बोललो नाही. जूनमध्ये कुठे होतास विचारलं तेव्हा सुरतेला होतो म्हणून ठोकून दिलं. एकदा कळलं की हे लोक मला जीपमध्ये बॅगा राखायला बसवतील. पाटबंधारे खात्यात तीस वर्षं कालव्याच्या कडेने चाललेला माणूस मी. तूही कुणाला बोलू नको.

तब्येत जप. मी बरा शे.

तुझा,
अमृत

अमळनेर
१ फेब्रुवारी २०२५

चि. अमृत यास,
अनेक आशीर्वाद.

तुला जाऊ नको म्हणणार नाही. म्हटलं तर तू न सांगता जाशील, हे मला तू पाचवीत असल्यापासून माहीत आहे. पण दहा जणांतल्या एकाला तरी खरं माहीत असायला हवं. तिथे डोंगरात तुला काही झालं तर ते लोक तुझ्या तोंडावर पाणी मारत बसतील. खिशात गोळी आहे, ती जिभेखाली ठेवायची असते, हे त्यांना कोण सांगणार?

असलमला सांग. तो ओरडणारा माणूस नाही. तुम्ही दोघं कॉलेजात असताना माझ्या घरी जेवायला बसायचात, तेव्हा तुझ्या ताटातली कारल्याची भाजी गुपचूप तो खायचा, आणि मला चाळीस वर्षांनी कळलं. तोंड मिटून ठेवणं त्याला जमतं.

सांगितलंस की मला दोन ओळी टाक. स्वेटर ने. बाकी इकडे क्षेम.

तुझी,
अक्का

अमळनेर
११ फेब्रुवारी २०२५

चि. असलम यास,
अनेक आशीर्वाद. जैनबला आणि मुलांनाही.

तुला पत्र लिहायची ही माझी पहिलीच वेळ असावी. घाबरू नको, कुणी गेलेलं नाही. अमृतच्या हृदयात जूनमध्ये स्प्रिंग बसवली आहे. तो सुरतेला नव्हता, नाशिकच्या दवाखान्यात होता. तुला सांग म्हणून मी त्याला लिहिलं, तर काल त्याचं पोस्टकार्ड आलं. त्यात एकच वाक्य आहे, की मला कुणाची दया नको.

त्याचा विश्वास मोडते आहे, हे मला कळतं. आई गेल्यावर त्याला मी वाढवलं, म्हणून एवढा हक्क घेते. त्याच्या शर्टाच्या वरच्या खिशात छोट्या डबीत गोळ्या असतात. छातीत दुखलं की एक जिभेखाली. त्याला दर थोड्या वेळाने बसवायचं, पण त्याला कळू न देता. कसं ते तू बघ. मी लिहिल्याचं त्याला सांगू नको.

जपून जा.

तुझी,
रत्नाअक्का

धुळे
२५ फेब्रुवारी २०२५

ती. स्व. अक्का हिस,
शि. सा. न. वि. वि.

गेलो, चढलो आणि धडधाकट परत आलो! तू न्यायला लावलेलं स्वेटर आमच्यातल्या चुडामणने घातलं, कारण त्याने स्वतःचं आणलंच नव्हतं.

पहिल्या दिवशी जीपमधून रोही आणि एक भेकर दिसलं. मोर तर कोंबड्यांसारखे. पळस नुकता फुलायला लागला आहे, सागाची पानं गळून रस्ताभर पडलेली, त्यामुळे आमच्या दहा जणांच्या पावलांचा आवाज मध्य प्रदेशापर्यंत जात असेल. वनरक्षक कुंदाबाई म्हणून एक बाई आमच्याबरोबर होत्या, त्यांनी स्पष्टच सांगितलं की तुम्ही असेच चाललात तर फक्त बहिरे प्राणी बघाल.

आता असलमचं ऐक. रावेरला केळीच्या गाड्या भरून घेणारा हा माणूस, मला वाटलं सगळ्यांच्या पुढे असेल. त्याच दिवशी पायी फिरायला निघालो, तर पहिल्या चढालाच गुडघा धरून खाली बसला. त्यानंतर दर दहा मिनिटांनी खाली बसायचा. मी शेजारी बसायचो, दुसरं कोण बसणार? हिलाल वकील आणि बाकीचे पुढे निघून जायचे आणि आमची वाट बघत थांबायचे. दुसऱ्या दिवशी डोंगर चढताना तर दुखणं उजव्या गुडघ्यातून डाव्यात गेलं. वात असावा. मी त्याला तेल लावून चोळायला सांगितलं आहे.

माथा तासाभरावर राहिला आणि त्याने हातच टेकले. पुना पावरा म्हणून आमचा वाटाड्या, तो बाकीच्या आठ जणांना घेऊन वर गेला. मी कुंदाबाईंबरोबर असलमपाशी थांबलो. माझे पाय शिवशिवत होते, पण मित्राला वाटेत टाकून माथा काय गाठायचा? तर तिथे बसलेलो असताना, नाल्याच्या पलीकडे अस्वल आलं. मादी, आणि मागे तिचं अर्धं वाढलेलं पिल्लू. कुंदाबाईंनी नुसता हात वर केला, आम्ही श्वाससुद्धा घेतला नाही. मादीने नखांनी वारूळ फोडलं, त्यात तोंड घातलं आणि फू करून माती उडवून वाळवी ओढायला लागली. तो ओढण्याचा आवाज आम्हाला पलीकडे ऐकू येत होता, अक्का. पंधरा मिनिटं. पिल्लू मध्ये तोंड घालायचं आणि ती त्याला ढुंगणाने बाजूला सारायची. वर गेलेल्यांना एक माकडसुद्धा दिसलं नाही.

आता माझी खात्री पटली की मला काही झालेलं नाही. डिसेंबरमध्ये तिकडे नंदुरबारच्या बाजूला एक मोठा डोंगर चढायचा विचार आहे. हिलालच्या ओळखीचा तरुण मुलांचा ग्रुप जातो, त्यांच्याबरोबर जाईन. असलमला या वेळी सांगणार नाही. त्याला वाईट वाटेल, पण त्याच्यामुळे सारखं थांबावं लागतं.

कानाच्या मशीनचं काय झालं ते कळव.

तुझा,
अमृत

रावेर
२७ फेब्रुवारी २०२५

आदरणीय रत्नाअक्का,
असलमचा सलाम.

तुमचं पत्र वाचून मी ते दुकानातल्या कपाटात कुलपात ठेवलं, जैनबलाही दाखवलं नाही. काळजीचं काही घडलं नाही, हे आधी सांगतो. पण एक गोष्ट तुम्हाला माहीत हवी.

पहिल्या चढाला अमृत सगळ्यांच्या पुढे होता. मी मुद्दाम मागेच राहिलो होतो. वळणावर गेलो तर तो झाडाकडे तोंड करून उभा, आमच्याकडे पाठ. कॉलर घामाने भिजलेली. त्याने वरच्या खिशातली डबी काढली, काहीतरी तोंडात टाकलं. वळला तेव्हा ओठ पांढरे होते.  मी गुडघा धरून खाली बसलो आणि ओरडलो. तो लगेच माझ्याजवळ येऊन बसला, मला धीर द्यायला लागला, आणि पाच मिनिटांत त्याच्या तोंडावर रंग आला. मग तिन्ही दिवस मी तेच केलं. खोटं बोलायची सवय नाही, दुसऱ्या दिवशी पायच विसरलो आणि डावा लंगडलो. कुंदाबाईंच्या लक्षात आलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग अमृतकडे.

अक्का, काल त्याचा फोन होता. गुडघ्याला कोणतं तेल लावू ते सांगत होता आणि फार आनंदात होता. हिलालकडून मला डिसेंबरचं कळलं. माझा गुडघा दुखला म्हणून त्याला वाटतंय की त्याचं काळीज ठणठणीत आहे. हे माझ्यामुळे झालं. आता त्या मुलांबरोबर तो गेला तर तिथे लंगडायला कोणी नसेल.

तुम्ही सांग म्हणालात तर मी त्याला सांगतो. मोठ्या तुम्ही आहात.

दुवा करा.

तुमचा,
असलम

अमळनेर
८ मार्च २०२५

चि. अमृत यास,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र बसून वाच. असलमच्या गुडघ्याला काहीही झालेलं नाही. तुझ्या स्प्रिंगचं मी त्याला अकरा फेब्रुवारीला लिहिलं. पहिल्या चढाला तू झाडाआड गोळी घेतलीस, ती त्याने पाहिली. ती गोळी तू मला लिहिलेल्या तीन पानांत कुठेच नाही. तू बसावंस म्हणून तो बसला.

तू सांगू नको म्हणाला होतास आणि मी सांगितलं. त्याचा दोष माझा, असलमचा नाही. पुन्हा वेळ आली तर पुन्हा सांगेन. रागव, पण डिसेंबरचं ठरवायच्या आधी डॉक्टरांना गोळीचं खरं सांग. मला दुसरा भाऊ नाही.

तुझी,
अक्का

धुळे
४ एप्रिल २०२५

ती. स्व. अक्का हिस,
शि. सा. न. वि. वि.

चार आठवडे लिहिलं नाही. लिहायला बसलो की वाईट लिहिलं जायचं, म्हणून दोन पत्रं फाडली.

ईदला दरवर्षी मी रावेरला जातो. या वर्षी जाणार नव्हतो. सकाळी अंघोळ करून तसाच बसून राहिलो, मग रागातच बस धरली. भुसावळपर्यंत काय काय बोलायचं ते जुळवत गेलो. असलमने दारातच मिठी मारली. मी आत गेलो, जैनबवहिनींनी शीरखुर्मा समोर ठेवला, आणि त्या आत वळताच मी त्याला विचारलं की तुला माहीत होतं तर मला सांगितलं का नाहीस. तो म्हणाला, तू मला कुठे सांगितलंस.

अक्का, एवढं जुळवून नेलेलं सगळं मी शीरखुर्म्याबरोबर गिळलं.  माझी वाटी रिकामी झाली की तो भरत राहिला. निघताना बसस्टँडपर्यंत आला, आणि अख्ख्या रस्त्यात मी त्याच्या पायांकडे बघत होतो. माझ्यापेक्षा झपझप चालतो तो.

परवा डॉक्टरांकडे गेलो. गोळीचं सांगितलं. त्यांनी पुन्हा तपासण्या केल्या, औषध वाढवलं. डिसेंबरचा डोंगर नाही म्हणाले. वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू? सपाटीला आणि हलक्या चढाला चालेल, पण बरोबर माहीतगार माणूस हवा.

म्हणून रात्री न झोपता विचार वगैरे काही केला नाही, दवाखान्यातून बाहेर पडल्या पडल्या आमच्या ग्रुपवर लिहून टाकलं. स्प्रिंग, गोळी, सुरत, सगळं. वाटलं आता शिव्या बसतील.  तर चुडामणने कळवलं की तो पोटाला इन्सुलिन टोचतो, आणि सातपुड्यात सकाळी पाणवठ्याकडे एकटाच जायचा तो त्यासाठी. मग हिलालचा मेसेज आला. त्याला दोन स्प्रिंगा आहेत, माझ्याहून एक जास्त. त्याचा तो तरुणांचा डिसेंबरचा ग्रुपही त्याने नुसता ऐकलेला, स्वतः कधी गेलेला नाही. एकाला उंचावर चक्कर येते, तो माथ्यावर डोळे मिटून बसला होता. एकाच्या पाठीत पट्टा. संध्याकाळपर्यंत आठ जणांचं आठ तऱ्हेचं निघालं, आणि माझं धरून नऊ.

पुढच्या फेब्रुवारीत पुन्हा पालला जायचं ठरलं आहे, माथा न गाठता. कुंदाबाईंना मी फोन करून सगळ्यांच्या दुखण्यांची यादी सांगितली. त्या हसल्या आणि म्हणाल्या की बसणारे लोक बरे, त्यांना जनावर दिसतं.

तुझ्यावरचा राग अजून सगळा गेलेला नाही. जाईल. दिपमालाला मी खरं सांगितलं आहे, तिचा राग वेगळा चालू आहे.

जैनबवहिनींच्या हट्टाने असलमनेही काल रक्त, साखर, हृदयाचा आलेख, सगळं करून घेतलं. दहा जणांत एकही खोट न निघालेला तो एकटाच. आणि सबंध वाट लंगडत चढला तोही तो एकटाच.

माझ्यावरची माया कमी करू नको.

तुझा,
अमृत