अकरा नंबरला दम भरायचा आहे

ती. स्व. काका,

साष्टांग नमस्कार. तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का, की तुम्ही जिन्यालाच दम भरलात? काकूचा खोकला कसा आहे? मी ठणठणीत आहे (डाव्या अंगठ्याला टाके पडलेत, पण ते मांजराचे, ते धरायचे नाहीत).

जनावरांचं करून कुणाचं भलं झालंय, असं तुम्ही विचारलं होतंत. काका, इथे त्यावरच दोन पक्ष आहेत. आमच्या केंद्रात एका खोलीत डॉक्टरीणबाई बसतात. त्यांना एकेक जीव प्यारा. समोरच्या खोलीत पक्ष्यांचे सर. त्यांना जात टिकली म्हणजे झालं, एखादा जीव इकडचा तिकडे झाला तरी ते चहा संपवूनच उठतात. मी दोघांची मदतनीस. सकाळी बाईंची मांजरं खाऊपिऊ घालून धडधाकट करायची आणि दुपारी, बरी होऊन सुटलेल्या त्याच मांजरांनी ओरबाडलेली पाखरं सरांच्या टेबलावर टाके घालायला धरायची. नोकरीच्या अर्जात मी ‘दोन्ही क्षेत्रांची सांगड घालू इच्छिते’ असं लिहिलं होतं. सांगड कसली, दोन डगरींवर पाय!

अशात घरट्यातून पडलेलं घुबडाचं पिल्लू आलं. त्याला नाव ठेवायचं नाही, नुसता नंबर: अकरा. भरवताना डोक्यावरून कापड घ्यायचं, हातात घुबडाच्या तोंडाचा मोजा चढवायचा आणि तोंडातून चकार शब्द काढायचा नाही, कारण माणसाची सवय लागली की पाखरू रानाला मुकतं. आता माझं तोंड तुम्हाला ठाऊक आहे (लहानपणी ते बंद करायला तुम्हालाच बोलवायचे). दोन दिवस कशीबशी गप्प बसले. तिसऱ्या दिवशी कापडाआडून सुरू झाले. बाईंचं आणि सरांचं भांडण, भाड्याच्या खोलीतला गळका नळ, तुमच्याबद्दलची गाऱ्हाणी, सगळं सांगितलं. ते मान वाकडी करून ऐकायचं. इतकं मन लावून माझं आजवर कुणी ऐकलेलं नाही.

व्हायचं तेच झालं. पिल्लाचे पंख भरले तसं गेल्या आठवड्यात रानाच्या कडेला खोकं उघडलं. अकरा नंबर झोकात उडाला, मी ‘जा रे बाळा’ म्हटलं आणि तो वळून माझ्या डोक्यावर येऊन बसला. दुसऱ्या वेळी मी ओठ शिवून उभी राहिले, तरी तोच प्रकार. तिसऱ्या वेळी गाडीत लपले, तर तो काचेवर चोच मारत बसला. सर म्हणाले, जो माणसाला भीत नाही तो रानात आठवडा काढणार नाही. बाई म्हणाल्या, मग राहू दे पिंजऱ्यात, सुखी आहे. चूक माझी, यावर मात्र आयुष्यात पहिल्यांदा दोघांचं एकमत झालं. महिनाअखेरीस माझं उमेदवारीचं वर्ष संपतंय. तो रानात रमला तर मी कायम, नाही तर मला नारळ आणि त्याला जन्मभर पिंजरा.

असो, तुम्ही काळजी करू नका. काकूला नमस्कार.

तुमची,
बडबडी

ता. क. कामाचं लिहायचं राहिलंच. येत्या रविवारी याल का? त्याला एकदा माणसाची खरीखुरी भीती बसायला हवी, असं सर म्हणतात. मी ओरडून पाहिलं, त्याला वाटलं गप्पा चालल्यात. बाईंचा आवाज चढत नाही आणि सरांना मध्येच खोकला येतो. तुमच्या एका ‘काय चाललंय रे!’ने आम्ही भावंडं कुंपणावरून उड्या टाकायचो. मी तर त्याच आवाजाला भिऊन बॅग भरली आणि अजून परत आलेले नाही. तेव्हा अनुभवावरून सांगते, उपाय लागू पडतो.

ता. क. २. मी गेल्यावर तुम्ही अर्धा तास फाटकाशी उभे होतात, असं काकूने सांगितलं. म्हणून ओरडून झाल्यावर लगेच निघू नका. तो खरंच गेला तर मला तसं उभं राहावं लागेल, आणि मला ते येत नाही.